आधी गळा, मग गिटार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातला एक ब्लूज बँड नव्या गाण्यासाठी स्टुडिओत मंगोलियन कंठगायन (एकाच गळ्यातून खाली धरलेला स्वर आणि त्याच्यावर शिट्टीसारखी धून) वापरून पाहतो आहे, अशी बातमी आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळे आणि वरातीचे बँड यांच्या या शहरात कुणी बारा बारचा (चार-चार ठोक्यांच्या बारा आवर्तनांचा) ब्लूज वाजवतो आणि त्यात मध्य आशियातला गळा मिसळू पाहतो, याचे कौतुकच आहे. बातमीतली तीन विधाने मात्र दुरुस्त करायला हवीत. हा प्रयोग जगात प्रथमच होतो आहे, हे पहिले. कंठगायक एका वेळी दोन गाणी गातो, हे दुसरे. आणि सगळे ट्रॅक पुरे झाल्यावर कंठस्वर शेवटी वरून चढवला जाणार आहे, हे तिसरे. पहिल्या दोन चुका माहितीपुरत्या आहेत. तिसरीने गाणेच बिघडेल, म्हणून पत्राचा बराचसा भाग तिच्यावर खर्च केला आहे.

प्रथमच म्हणाल, तर सॅन फ्रान्सिस्कोचा अंध ब्लूज गायक-गिटारवादक पॉल पेना याने १९८४ साली शॉर्टवेव्ह रेडिओवर मॉस्कोचे केंद्र ऐकताना मंगोलियाशेजारच्या तुवाचे कंठगायन ऐकले आणि पुढे ते ऐकून ऐकून स्वतःच शिकला. १९९५ मध्ये तो तुवाची राजधानी किझिल इथल्या स्पर्धेत उतरला आणि कार्गिरा या प्रकारात जिंकला. त्याला तिकडे बोलावणारा कोंगार-ओल ओंदार हा तुवाचा नामवंत गायक. दोघांनी मिळून ब्लूज आणि कंठगायन एकत्र गायले, त्या प्रवासावरच्या माहितीपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. पेना २००५ मध्ये वारला. नागपूरच्या मंडळींनी सुरुवात त्याच्या ध्वनिमुद्रणांपासून करावी, कारण आज त्यांना पडणारे निम्मे प्रश्न त्याने केव्हाच सोडवले आहेत.

आणखी एक गोष्ट यातूनच निघते. तुवा हा रशियन संघराज्यातला प्रांत, मंगोलिया हा स्वतंत्र देश. कंठगायन दोन्हीकडे आहे, शेजारशेजारचे आहे, पण शैली आणि नावे थोडी वेगळी. मंगोलियात त्याला खूमी म्हणतात आणि पश्चिमेकडचा अल्ताई पर्वताचा पट्टा त्यासाठी ओळखला जातो. युनेस्कोने २०१० मध्ये मंगोलियाच्या खूमीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तुवात खूमेई, शिट्टीसारखा सिगित आणि खोल घोगरा कार्गिरा हे तीन मुख्य प्रकार. मंगोलियातल्या खोल प्रकाराचे नाव खरखिरा. बँड नक्की कोणता प्रकार गाणार आहे ते बातमीत नाही, आणि रेकॉर्डिंगच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे.

आता दोन गाण्यांविषयी. गायक एकच स्वर धरतो. कुठल्याही मानवी आवाजात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वर असतातच. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की न वाजवलेला गंधार ऐकू येतो, तो पाचवा उपस्वर. कंठगायक गळा थोडा आवळून आवाज उपस्वरांनी भरगच्च करतो आणि जीभ, ओठ व घसा यांच्या आकाराने त्यांतला एकच निवडून इतका मोठा करतो की तो वेगळ्या शिट्टीसारखा वर तरंगतो. तुवाच्या गायकांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडातला दुसरा आणि तिसरा अनुनाद हे गायक एकाच ठिकाणी आणून मिळवतात, साधारण दीड ते दोन हजार हर्ट्झच्या आसपास, असे त्यात दिसले. म्हणजे आधारस्वर एक आणि त्याच्याच पोटातून निघालेली धून एक. धून आधारस्वराच्या उपस्वरांबाहेर एक पाऊलही जाऊ शकत नाही. गिटारवाल्यांनी ही अट डोक्यात पक्की बसवली तर पुढचे सगळे सोपे आहे.

पुरुषाच्या सिगितला सोयीचा आधारस्वर बहुधा १५० ते २०० हर्ट्झमध्ये असतो. ब्लूजला ई सोयीचा, म्हणजे आपल्याकडची पांढरी तीन. गिटारच्या चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरचा ई घ्या, १६४.८ हर्ट्झ. त्याला सा म्हटले तर सहावा उपस्वर पंचम (९८९ हर्ट्झ), आठवा वरचा षड्ज (१३१९), नववा ऋषभ (१४८३), दहावा गंधार (१६४८) आणि बारावा त्याहून वरचा पंचम (१९७८). प सा रे ग प. तुवाच्या बऱ्याच धुना एवढ्यावरच चालतात, भूपाचा धैवत काढून घेतल्यासारख्या. सातवा आणि अकरावा तिकडचे गायक सहसा ओलांडून जातात. अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मध्ये पडतो, तो ब्लूजमध्येही सोडूनच द्यावा.

सातव्याला मात्र ब्लूजवाल्यांनी हात जोडावेत. तो कोमल निषाद आहे, आणि गिटारच्या पडद्यावरच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट खाली आहे. (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट.) ब्लूज गायक सातवा स्वर थोडा खाली ओढून गातात, तो इथे गळ्यातून आयता मिळतो. अडचण इतकीच की त्याच वेळी गिटारवर किंवा कीबोर्डवर ई सेव्हन या कॉर्डमधला (एकत्र वाजवलेल्या स्वरसमूहातला) डी त्याच उंचीवर वाजत असेल, तर ११५४ आणि ११७५ हर्ट्झ यांच्यात सेकंदाला एकवीस हेलकावे पडतात आणि ऐकणाऱ्याला वाटते गायक बेसूर आहे. दहाव्या उपस्वराचेही असेच. तो समसप्तकातल्या (बारा सारख्या अर्धस्वरांत वाटलेल्या, म्हणजे गिटार-हार्मोनियमच्या) गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला तो गोड लागतो, हार्मोनियमवर तयार झालेल्याला उतरलेला वाटतो. शेवटी वरून चढवण्याची योजना पहिल्यांदा इथे फसते. कीबोर्डचे लांब धरलेले स्वर (पॅड), ताणलेले ऑर्गन कॉर्ड आधीच रेकॉर्ड होऊन बसलेले असतात. मग कुणीतरी कंठस्वरच ऑटोट्यूनमध्ये (सूर आपोआप सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घालतो, पण त्याने आधारस्वर हलतो, उपस्वरांची आपापसांतली अंतरे तशीच राहतात. हलवायचे असेल तर वाद्य हलवा.

त्यासाठी गिटार ओपन ट्युनिंगमध्ये लावावी. ओपन ई म्हणजे जाड तारेपासून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. यात तीन तारा वर चढवाव्या लागतात आणि जुन्या अकूस्टिक गिटारचा ब्रिज उचलला जाण्याची भीती असते. म्हणून तारा उतरवून ओपन डी लावा (डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी) आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) घाला. मग तिसरी तार, म्हणजे गंधाराची, ट्यूनरवर १४ सेंट खाली आणा. ट्यूनर लाल दिवा दाखवेल, दाखवू द्या. बोटात काचेची किंवा पितळेची स्लाइड घेतली की पडद्यांचे बंधनच राहत नाही. कोमल निषाद गायकाच्या सातव्या उपस्वराशी कानाने जुळवता येतो. हार्मोनिका वाजवणार असाल तर ई साठी ए ची घ्यावी, ब्लूजची नेहमीची दुसरी पोझिशन. पण तिचा आवाज शिट्टीच्याच पट्ट्यात पडतो, म्हणून दोघांनी एका वेळी वाजू नये, पाळी लावून घ्यावी.

आता बारा बारचा पेच. ई, ए, बी अशी कॉर्ड बदलतात आणि कंठस्वराचा आधार तर ई वरच ठाम. ए सेव्हन वाजत असताना दहावा उपस्वर लावला, तर कॉर्डमधला कोमल गंधार आणि गळ्यातला शुद्ध गंधार एकमेकांवर घासतात. तिथे आठवा किंवा नववा चालतो. बी सेव्हनवर सहावा, नववा आणि बारावा चालतात, आठवा अजिबात नाही, कारण कॉर्डमध्ये शुद्ध निषाद आहे. काही गायक कॉर्डबरोबर आधारस्वरच बदलतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, कारण आधारस्वर हलला की जिभेची बसलेली जागाही हलते.

याहून सरळ तोड ब्लूजच्या घडणीतच आहे. बारा बारच्या तीन ओळी, प्रत्येकी चार बारच्या. प्रत्येक ओळीत पहिल्या दोन बारांत शब्द आणि पुढच्या दोन बारांत वाद्याचे उत्तर. ही उत्तरे येतात तिसऱ्या-चौथ्या, सातव्या-आठव्या आणि अकराव्या-बाराव्या बारात. नेहमीच्या साच्यात हे सहाही बार मूळ कॉर्डवर, म्हणजे ई वर असतात. कंठस्वर तिथेच ठेवला की हार्मनीचे भांडणच उरत नाही. बाराव्या बारात टर्नअराउंडला (चक्र पुन्हा सुरू करणाऱ्या वळणाला) बी सेव्हन येतो, तिथे गायकाने आधीच थांबावे किंवा पंचमावर उतरावे, तो बी च आहे. संथ शफल (ब्लूजचा झोकदार ठेका) मिनिटाला ६० ठोक्यांनी घेतला तर एक बार चार सेकंदांचा आणि उत्तर आठ सेकंदांचे. एका श्वासात आठ सेकंद आरामात निघतात. मात्र शिट्टी लागायला गळ्याला क्षणभर लागतो, म्हणून आधारस्वर दुसऱ्या बारच्या शेवटच्या ठोक्यावरच हलका सुरू करावा. ठीक तिसऱ्या बारच्या समेवर सुरू केलात तर शिट्टी दर वेळी अर्धा ठोका उशिरा येईल, आणि मग एडिटिंगमध्ये सरकवत बसावे लागेल. सरकवून ती बसत नाही, कारण आधारस्वराची सुरुवातही तिच्याबरोबर सरकते.

बारा बार सोडायचे असतील तर मिसिसिपीच्या डोंगराळ भागातला एका कॉर्डवर चालणारा ब्लूज आहे. आर. एल. बर्नसाइड, ज्युनियर किंब्रो यांचा, किंवा जॉन ली हूकरचा बूगी. आमच्या मते कंठगायनाला ही जमीन सर्वांत मानवते. पण बँडला बारा बारच हवा असेल तर वरचा मार्ग आहे.

कार्गिराचे गणित वेगळे. यात खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेले खोटे स्वरतंतू निम्म्या वेगाने थरथरतात, त्यामुळे गायक गातो त्याच्या एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. १६४.८ वर गायले तर ८२.४ हर्ट्झ, म्हणजे बरोबर गिटारची सहावी मोकळी तार. आपल्याकडची खर्जसाधना ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात खरेच तंतू सैल आणि संथ हलतात. खर्ज चांगला आहे म्हणून कार्गिरा येईल असे नाही, आणि खर्जासारखा रेटून काढला तर घसा बसेल. सुरुवात खाकरण्याच्या आधी घशात येणाऱ्या हलक्या घरघरीतून करावी, जोर लावू नये, आणि ती स्थिर झाली की तोंडाने उ-ओ-आ-ए असे स्वर सावकाश बदलावेत. त्या बदलातूनच उपस्वरांची धून निघते. सिगितसाठी जिभेचे टोक ल म्हणताना लागते तिथे टेकवायचे, जिभेच्या कडा हिरड्यांना चिकटवायच्या, दाढेच्या बाजूला एक बारीक फट ठेवायची आणि ओठ ऊ आणि ई च्या मध्ये. धून बदलते ती जिभेच्या मधल्या भागाच्या केसाएवढ्या हालचालीने, मान हलवून नाही. शिट्टी काही आठवड्यांत सापडते, तिच्यावर ताबा यायला वर्षे लागतात. घोगरा प्रकार सलग अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करू नये. घशात दुखले तर त्या दिवशीचे काम तिथेच थांबवावे.

घोगऱ्या गळ्याचे ब्लूजला वावडे नाही. चार्ली पॅटन आणि हाउलिन वुल्फ यांचे आवाज आठवा. ब्लाइंड विली जॉन्सन तर धार्मिक गाणी खरखरीत गळ्याने गायचा, आणि त्याचे बॉटलनेक गिटारबरोबरचे शब्दांविना गुणगुणणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेले, आपल्या केसरबाई केरकरांच्या भैरवीसोबत. म्हणून ऐकणाऱ्याला कार्गिरा ब्लूजमध्ये लगेच घरचा वाटतो, सिगित जरा परका. पण मिक्समध्ये दोघेही अडतात. सिगित गिटारशी भांडतो, कार्गिरा बेसशी. बेस गिटारची खालची ई तार ४१ हर्ट्झची आणि तिचा दुसरा उपस्वर ८२ चा, कार्गिराच्या थेट डोक्यावर. बेसवाल्याने त्या आठ सेकंदांत समेवर एक छोटा स्वर देऊन हात उचलावा. हे पटवणे अवघड असते, आम्हाला कल्पना आहे.

रेकॉर्डिंगची जागा. बहुतेक मंडळी फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत काम करतात. ८२ हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब, जवळपास चौदा फुटांची. ती या खोलीत मावत नाही, त्यामुळे एका कोपऱ्यात कार्गिरा भोंग्यासारखा घुमतो आणि मध्यभागी पोकळ लागतो. गायक आणि माइक दोघांना फूट-फूट सरकवून पाहावे आणि जिथे तो सपाट लागेल तिथे खडूने खूण करावी. भिंतींवर फोमचे पातळ तुकडे लावून या खालच्या स्वराला काहीही होत नाही. जाड गाद्या आणि रजया कोपऱ्यांत उभ्या केल्या तर थोडा तरी फरक पडतो.

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलर चालू ठेवून सिगित रेकॉर्ड होत नाही. पंख्याची घरघर एक वेळ कापता येते. पंप आणि मोटर यांची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या १००, १५० या पटी मात्र आधारस्वराच्या पट्ट्यात येऊन बसतात. सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारने अॅम्पमध्येही हीच गुणगुण येते. म्हणून डी (१४६.८) ऐवजी ई घ्या असे आम्ही आग्रहाने सांगतो. डी आणि वीजवाहिनीचा १५० यांच्यात सेकंदाला तीन हेलकावे पडतात, ते आधारस्वर थरथरल्यासारखे ऐकू येतात. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंगमध्ये हा त्रास दिसत नाही, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि तिच्या पटी १२०, १८० अशा. वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टरवर तर रेकॉर्ड करूच नये. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल तर तो वीजगुणगुणीत उपस्वरांची करवतच भरतो. काम पहाटे करावे. तेव्हा खोली थंड असते, रस्ता शांत असतो. कोरड्या हवेत गळा लवकर सुकतो, त्यामुळे साधे पाणी घोटघोट प्यावे, बर्फाचे टाळावे.

माइक मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारा). सिगितला तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटर आणि सरळ समोर, कारण शिट्टीचा पट्टा पुढच्या दिशेला जास्त फेकला जातो. माइक खाली किंवा बाजूला ठेवला की शिट्टी पातळ होते. कार्गिराला १५ ते २० सेंटिमीटर पुरतात, जवळ आल्याने खालचा पट्टा भरतो. माइकवरचे किंवा प्रीअॅम्पवरचे ८० हर्ट्झचे लो-कट (त्याखालचा आवाज कापणारे) बटण कार्गिराला बंद ठेवा. ते सवयीने दाबलेले असते आणि मग कार्गिरा पोटाशिवाय येतो. फिल्टर हवाच असेल तर ४० वर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण). उपस्वर नेमका लागला की पातळी एकदम उसळते. सराव ऐकून लावलेला गेन तेव्हा हमखास फाटतो.

हेडफोन बंद प्रकारचे, एकाच कानाला. त्यात तानपुरा देऊ नका. तानपुऱ्याचेच उपस्वर हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरतात आणि नंतर गायकाचे कुठले आणि तानपुऱ्याचे कुठले हे सांगता येत नाही. साधा साइन स्वर (उपस्वर नसलेला), अगदी हलका, षड्जावर. क्लिकचाही, म्हणजे हेडफोनमधल्या ठोक्याचाही, विचार करावा. सॉफ्टवेअरमधली टिक-टिक बहुधा शिट्टीच्याच पट्ट्यात असते. तिच्या जागी खालच्या स्वराचा बोथट ठोका लावा. उपस्वर खरोखर कुठला लागतो आहे ते स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या साधनावर) पाहावे. ४८ किलोहर्ट्झला ८१९२ नमुन्यांची खिडकी ठेवली की जवळपास सहा हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो आणि १६५ हर्ट्झच्या अंतराने उभ्या राहिलेल्या रेषांतली कुठली उंच झाली ते गायकाला तिथल्या तिथे दाखवता येते. कानावर विसंबलात तर नवव्या-दहाव्याची गल्लत होते.

दोन टेक एकमेकांवर ठेवून आवाज जाड करण्याची सवय इथे सोडावी. दोन टेकमधल्या आधारस्वरात अर्ध्या हर्ट्झचा फरक असला तर दहाव्या उपस्वरात तो पाच हर्ट्झचा होतो, आणि शिट्टी फडफडते. कोरस इफेक्टही यासाठीच नको. नॉइज रिडक्शन लांब धरलेल्या शिट्टीला गोंगाट समजून खरवडून टाकते. वीजगुणगुण काढणारा फिल्टर लावायचाच तर पन्नासच्या पहिल्या काही पटींपुरता ठेवा. पुढे तेहेतिसावी पट १६५० वर येते आणि आपला गंधार १६४८ वर आहे. कार्गिरावर पिच सुधारणारे कुठलेही साधन चालवू नये. खरा स्वर वरचा की खालचा हे त्याला ठरवता येत नाही आणि ते शब्दागणिक सप्तक बदलते. कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून लहानाच्या जवळ आणणे) हलके, दोनास एक. जास्त दाबले तर आधारस्वर वर येतो आणि शिट्टी त्याच्यात बुडते. रिव्हर्ब (घुमारा) आखूड, सेकंद-सव्वा सेकंदाचा, नाहीतर ऋषभ विरायच्या आत गंधार येतो आणि दोघांचा काला होतो.

गिटारचा डिस्टॉर्शन कमी करणे हाच मिक्समधला मोठा उपाय. फाटलेल्या गिटारचे उपस्वर एक ते तीन हजार हर्ट्झमध्ये दाट भरतात आणि त्यात शिट्टी हरवते. इक्वलायझरने गिटारला एक ते दोन हजारांत तीन डेसिबल खाली घेता येते, तेही फक्त कंठस्वर चालू असताना. त्यापेक्षा गिटारवाल्याने त्या वेळी थांबून नंतर उत्तर द्यावे. उत्तर देण्याचे एक फार नामी साधन त्याच्या पायाशीच असते. वाह पेडल ही सरकणारी अनुनादाची खिडकीच आहे, जीभ जे करते तेच ते करते. चौथ्या तारेवरचा तोच ई थोड्या फझबरोबर (फाटलेल्या आवाजाबरोबर) धरून पेडल अगदी सावकाश उघडले, तर गायकाने घेतलेले पंचम, षड्ज, ऋषभ, गंधार एकेक करून गिटारमधून बाहेर पडतात. मोकळ्या सहाव्या तारेवर हे नीट जमत नाही, तिचे उपस्वर त्या पट्ट्यात फार जवळजवळ येतात. गाण्यात ही जागा सापडली की ब्लूज आणि कंठगायन यांची गाठ खरी पडते, आणि ती कंठस्वर आधी रेकॉर्ड झाला असेल तरच सापडते. म्हणून क्रम असा ठेवावा : गायकाचा सोयीचा आधारस्वर, मग त्यावरून गाण्याची पट्टी, मग ढोबळ ठोका आणि कंठस्वर, मग स्लाइड गिटार, बेस, ड्रम्स, आणि कीबोर्ड लागलाच तर सर्वांत शेवटी.

गायक कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, तिथून एखाद्या लामाला बोलवा, असा सल्ला या बँडला कुणी ना कुणी देईलच. तिबेटी मठांतले ते खोल मंत्रपठण कार्गिराच्या जवळचे आहे खरे, पण ते मुख्यतः ग्युतो आणि ग्युमे या मठांच्या शिक्षणाचा भाग आहे, प्रत्येक भिक्खूला येत नाही. आणि ती पूजा आहे. गिटारच्या मागे वाजवायला ती मागू नये, आणि इंटरनेटवरून तिचा तुकडा उचलून तर मुळीच लावू नये. मंगोलियातल्या किंवा तुवातल्या गायकाकडून दूरस्थ रेकॉर्डिंग मागवता येते. त्याला साइन स्वर आणि ठोका पाठवावा, आणि २४ बिटची मूळ फाइल मागवावी. फोन कॉलवर किंवा व्हॉइस मेसेजवर नमुना ऐकून गायकाची पारख करू नये, कारण गोंगाट दाबणारी यंत्रणा तिथेही शिट्टीच खाते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यालाही हक्क आहेत, तेव्हा मानधन, वापराची परवानगी आणि श्रेयनामावलीत नाव हे तिन्ही रेकॉर्डिंगच्या आधी लेखी व्हावे. नावापुढे खूमी की सिगित हेही लिहावे, नुसते खास आवाज असे नको.

पुढे हे गाणे शहरातल्या एखाद्या सभागृहात प्रत्यक्ष सादर होईल, तेव्हा साउंडवाल्याला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. बऱ्याच डिजिटल मिक्सरवर फीडबॅक आपोआप मारणारी सोय असते. लांब धरलेला, एकाच कंपनसंख्येचा, एक-दोन हजार हर्ट्झचा स्वर तिला फीडबॅकच वाटतो आणि दोन सेकंदांत ती तिथे खाच पाडते. गायक जीव तोडून गंधार धरतो आणि सभागृहात नुसती घरघर पोचते. कंठस्वराच्या चॅनेलवर आणि मुख्य आउटपुटवर, दोन्हीकडे ती बंद करावी, आणि खरा फीडबॅक येऊ नये म्हणून गायकासमोरचा मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) काढून त्याला इन-इअर (कानात बसणारे) द्यावे.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि गिटार यांच्या कामात असलेले काही वाचक,
नागपूर